ईम : डर्बीशायरमधलं एक छोटं पॅरिश आणि त्याचं चर्च – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये मुलांकडे आलेले आईबाबा, शेफील्ड-मँचेस्टरला शिकणारी मुलं आणि इतिहासाची गोडी असलेली मंडळी या गावाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेकांना ईम ठाऊक असतं ते प्लेगमुळे : १६६५-६६ मध्ये रोग बाहेर पसरू नये म्हणून या गावाने स्वतःला बंद करून घेतलं. पण प्लेगचे चौदा महिने समजून घ्यायचे तर त्यांच्या मागचं पॅरिश आधी समजायला हवं. म्हणून पहिल्या काही प्रश्नांत प्लेग नाही. ते वगळू नका, ही विनंती.

१. ईम कुठे आहे? स्पेलिंग तर ‘एयाम’ असं वाचलं जातं.

स्पेलिंग काहीही असो, उच्चार ‘ईम’. शेफील्डच्या नैऋत्येला साधारण २० किलोमीटरवर, डर्बीशायर परगण्यात, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात हे गाव आहे. लोकवस्ती हजाराच्या आत. गाव चुनखडीवर वसलंय आणि उत्तरेला वालुकाश्माचा उंच कडा आहे. या चुनखडीतच शिशाच्या शिरा होत्या. गावाचं पोट त्यांच्यावर भरलं आणि चर्चचंही (प्रश्न ५ पाहा). १०८६ साली राजा विल्यमने केलेल्या जमीनमोजणीच्या दप्तरात गावाची नोंद आहे, म्हणजे गाव त्याहून जुनं.

२. पॅरिश म्हणजे गावच ना?

नाही. एका चर्चच्या आणि एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचा सगळा मुलूख म्हणजे पॅरिश. ईमच्या पॅरिशमध्ये ईम गाव होतंच, शिवाय फूलो-सारख्या वाड्या, माळरानं आणि खाणीही होत्या. आणि हे नातं फक्त रविवारच्या उपासनेपुरतं नव्हतं. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद पॅरिशमध्ये व्हायची. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारीही पॅरिशवरच आली आणि त्यासाठी पॅरिश घराघरातून पट्टी गोळा करत असे. आपण कोणत्या पॅरिशचे, यावर म्हातारपणी भाकर कोण देणार हे ठरायचं. सतराव्या शतकातला माणूस पॅरिशच्या हद्दीला इतका का बांधलेला होता, हे यावरून कळतं.

आज दोन वेगळी पॅरिश आहेत. १८९४ च्या कायद्याने गावचा कारभार निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे गेला आणि धार्मिक पॅरिश चर्चकडे राहिलं. ईमचं चर्च पूर्वी लिचफील्डच्या बिशपच्या अखत्यारीत होतं, १८८४ पासून साउथवेलच्या आणि १९२७ पासून डर्बीच्या. जुनी कागदपत्रं शोधताना हा क्रम लक्षात ठेवा.

३. चर्च किती जुनं आहे? प्लेगच्या वेळचंच आहे का?

सेंट लॉरेन्सचं हे चर्च आज दिसतं ते मुख्यतः चौदाव्या शतकापासून वाढत आलेलं आहे. त्याआधीच्या चर्चच्या खुणा आत शिल्लक आहेत : सॅक्सन काळातलं मानलं जाणारं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, नॉर्मन खांब आणि उत्तरेकडच्या बाजूला एक नॉर्मन खिडकी. व्हिक्टोरियन काळात मोठी दुरुस्ती झाली, त्यामुळे १६६५ सालचे गावकरी आज आत आले तर त्यांना सगळंच ओळखू येणार नाही. खांब मात्र नक्की ओळखतील.

भिंतींवर इस्राएलच्या बारा वंशांची चिन्हं रंगवलेली आहेत. ती चुन्याखाली झाकली गेली होती आणि विसाव्या शतकात उघडी केली गेली. प्लेगची कथा सांगणारी रंगीत काचेची खिडकी १९८५ ची आहे. ती जुनी समजून फोटो टाकणारे बरेच जण भेटतात. बाहेरच्या भिंतीवर १७७५ चं मोठं सूर्यघड्याळ आहे. त्यावर जगातल्या दूरदूरच्या ठिकाणांची नावं कोरली आहेत, तिथल्या मध्यान्हीचा हिशोब लावता यावा म्हणून. खाणकामगारांच्या गावात अठराव्या शतकात कुणाला तरी हे करावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे. दहा मिनिटं तिथे नक्की थांबा.

४. आवारातला तो कोरीव दगडी क्रूस प्लेगचं स्मारक आहे का?

नाही. तो प्लेगच्याही साधारण आठशे-नऊशे वर्षं आधीचा, अँग्लो-सॅक्सन काळातला आहे. माथ्यावर देवदूत, खांबावर बाळ येशूसह मरिया आणि वेलींची गुंफण आहे. खांबाचा वरचा एक तुकडा हरवलेला आहे, म्हणून तो थोडा आखूड आणि बेंगरूळ दिसतो. बराच काळ तो दुर्लक्षित पडून होता. तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड अठराव्या शतकाच्या अखेरीस गावात आले तेव्हा त्यांनी लक्ष घातलं आणि तो पुन्हा उभा राहिला, असं गावात सांगतात.

५. एवढ्याशा गावातल्या रेक्टरचा, म्हणजे पॅरिशच्या धर्मगुरूचा, खर्च कोण चालवायचं?

पॅरिशमधल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, रेक्टरला मिळायचा. बहुतेक ठिकाणी तो धान्याचा, लोकरीचा, कोकरांचा असे. ईममध्ये त्यात शिशाची भर होती. आपल्याकडे धान्य पायलीने मोजत, तसं इथे खनिज ‘डिश’ नावाच्या मापाने मोजलं जाई. दर डिशमागे एक पेनी आणि खाणीच्या ढिगाऱ्यातून वेचलेल्या मालाच्या दर खेपेमागे सव्वादोन पेनी रेक्टरला मिळत. १५१३ साली बनवलेलं असं एक प्रमाण माप जवळच्या वर्क्सवर्थ गावात अजून जपून ठेवलेलं आहे आणि खाणकामगारांचं ‘बारमोट’ न्यायालयही तिथे अजून भरतं.

अठराव्या शतकात एक समृद्ध शीर सापडली आणि ईमच्या रेक्टरची जागा एकदम श्रीमंत झाली. त्या काळातले रेक्टर टॉमस सिवर्ड यांची मुलगी अ‍ॅना सिवर्ड ईममध्येच १७४२ साली जन्मली. पुढे ती कवयित्री म्हणून इंग्लंडभर गाजली.

याच शिशाने एका रेक्टरला तुरुंगातही पाठवलं. शर्लंड अ‍ॅडम्स कट्टर राजनिष्ठ होते. यादवी युद्धात त्यांनी शिशाचा दशांश संसदेविरुद्ध लढणाऱ्या राजाला दिला, असा आरोप झाला आणि त्यांना हटवून कैद केलं गेलं. त्यांच्या जागी आले टॉमस स्टॅन्ली. हे नाव लक्षात ठेवा, ते प्रश्न ७ मध्ये पुन्हा येणार आहे.

६. प्लेग लंडनहून इतक्या लांबच्या खेड्यात आला कसा?

१६६५ च्या उन्हाळ्याअखेर अलेक्झांडर हॅडफील्ड या शिंप्याकडे लंडनहून कापडाचं गाठोडं आलं. कापड दमट होतं. जॉर्ज विकर्स या त्याच्याकडे काम करणाऱ्या माणसाने ते वाळवण्यासाठी शेकोटीसमोर पसरलं. कापडात पिसवा होत्या, असं मानलं जातं. ७ सप्टेंबर १६६५ रोजी विकर्सचं दफन झालं. त्याच घरातली मुलं गेली, मग शेजारची. वर्षअखेरपर्यंत चाळीसहून अधिक माणसं दगावली. हिवाळ्यात जोर ओसरला, पण रोग गेला नाही.

७. गाव बंद करायचं कोणी ठरवलं? राजाचा हुकूम होता का?

हुकूम कोणाचाच नव्हता. १६६६ च्या जूनमध्ये प्लेग पुन्हा उसळला तेव्हा निर्णय झाला तो गावात, आणि घडवून आणला दोन धर्मगुरूंनी, ज्यांचं एकमेकांशी पटायचं काहीच कारण नव्हतं.

विल्यम माँपेसन हे अधिकृत रेक्टर. वय तिशीच्या आत, १६६४ मध्ये नव्याने आलेले, राजाच्या बाजूच्या चर्चचे प्रतिनिधी. टॉमस स्टॅन्ली हे हटवलेले प्युरिटन, म्हणजे राजाच्या चर्चचे विधी न मानणाऱ्या कडव्या पंथाचे, धर्मगुरू. १६६० मध्ये राजेशाही परतली तेव्हा अ‍ॅडम्सही परतले. १६६२ च्या कायद्याने नवं प्रार्थनापुस्तक नाकारणाऱ्या धर्मगुरूंना बाहेर काढलं, त्यात स्टॅन्लींचा नंबर लागला. नंतरच्या आणखी एका कायद्याप्रमाणे अशा माणसाने आपल्या जुन्या पॅरिशपासून पाच मैलांच्या आत राहायचंच नव्हतं. तरी स्टॅन्ली ईममध्ये राहत होते आणि गावातल्या पुष्कळांचं मन त्यांच्याकडेच होतं. नव्या रेक्टरला लोक अजून आपला मानत नव्हते.

माँपेसन त्यांच्याकडे गेले आणि दोघांनी मिळून तीन गोष्टी गावापुढे ठेवल्या. ज्याने त्याने आपल्या माणसांना आपल्या शेतात-परसात पुरायचं, चर्चच्या आवारात नाही. उपासना चर्चमध्ये न भरवता ‘ककलेट डेल्फ’ या जवळच्या घळीत उघड्यावर भरवायची, कुटुंबांनी एकमेकांपासून अंतर ठेवून उभं राहायचं. आणि रोग संपेपर्यंत पॅरिशची ठरलेली सीमा ओलांडायची नाही.

मला विचाराल तर ईमच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण हा आहे. धर्माच्या भांडणावरून देशात नुकतंच रक्त सांडलं होतं. त्या भांडणाच्या दोन बाजूंची ही दोन माणसं एका घळीत शेजारी उभी राहिली, म्हणून गावाने ऐकलं. एकट्या माँपेसनचं ऐकलं असतं असं मला वाटत नाही. त्यामुळे स्टॅन्लींचं नाव गाळून सांगितलेली कथा अर्धीच आहे.

८. मग लोक खात काय होते?

चॅट्सवर्थच्या वाड्यातून डेव्हनशायरच्या अर्लने शिधा पाठवला आणि आसपासच्या गावांनीही. माल सीमेवर ठेवला जाई. स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा खळगे असलेला दगड आजही आहे. रोग लागू नये म्हणून त्या खळग्यांत व्हिनेगर घालून नाणी ठेवत. उत्तरेच्या बाजूला एका झऱ्यावर असाच व्यवहार होई, त्याला आता ‘माँपेसनची विहीर’ म्हणतात. दोन्ही ठिकाणी चालत जाता येतं. विहिरीचा रस्ता चढाचा आहे, गुडघे दुखत असतील तर गाडीने जा.

९. नेमकी किती माणसं मेली? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

मृतांच्या आकड्याबद्दल फारसा वाद नाही. माँपेसन यांनी २० नोव्हेंबर १६६६ च्या पत्रात ७६ कुटुंबांतली २५९ माणसं गेल्याचं लिहिलंय. आज साधारण २६० सांगतात. शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६ चा.

घोळ आहे तो वाचलेल्यांच्या आकड्यात. ‘३५० पैकी फक्त ८३ वाचले’ हे वाक्य जुन्या पुस्तकांतून सगळीकडे पसरलं. नंतरच्या अभ्यासकांनी चुलींवरच्या कराच्या आणि पॅरिशच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा पॅरिशची लोकसंख्या ७०० च्या आसपास निघाली. म्हणजे तीनातलं एक माणूस गेलं. दोन आकडे दिसण्याचं कारण एवढंच. दुसरा जास्त भरवशाचा आहे. तीनातलं एक हेही भयंकरच आहे, दुःख मोठं दाखवायला आकडा फुगवायची गरज नाही.

१०. रायली ग्रेव्ह्ज म्हणजे काय?

गावाबाहेर शेतात दगडी कुंपणाच्या गोलात हॅनकॉक कुटुंबाच्या समाध्या आहेत. ऑगस्ट १६६६ मध्ये एलिझाबेथ हॅनकॉक हिने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं गमावली. मदतीला कोणी येऊ शकत नव्हतं. तिने एकटीने त्यांना ओढत नेऊन पुरलं. जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे.

११. चर्चच्या आवारात पुरायचं नाही असं ठरलं होतं, मग कॅथरिन माँपेसनची समाधी तिथे कशी?

चांगला प्रश्न. दोन गोष्टी आहेत. पहिली, बंदी जून १६६६ पासूनची. विकर्ससारखे आधी गेलेले लोक आवारातच पुरले गेले, त्यांच्या समाध्या आज दिसत नाहीत इतकंच. दुसरी, रेक्टरची पत्नी कॅथरिन २५ ऑगस्ट १६६६ रोजी गेली आणि तिला अपवाद केला गेला. वय सत्तावीस. मुलांना आधीच गावाबाहेर पाठवलं होतं, तिने मात्र नवऱ्याला सोडून जायला नकार दिला होता. सॅक्सन क्रूसाजवळ तिची समाधी आहे. रेक्टरच्या मुलांना बाहेर पाठवलं यावरून काही वाचक चिडून लिहितात. ती पाठवणी सीमाबंदीच्या आधीची आहे आणि तोवर ज्यांना शक्य होतं अशी इतरही काही कुटुंबं निघून गेली होती.

१२. सीमाबंदीचा उपयोग झाला, की लोक आत कोंडल्यामुळे जास्त मेले?

रोग शेजारच्या गावांत पसरला नाही, हे खरं. आतल्यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली असणार. २०१६ मध्ये शेफील्ड आणि लंडनच्या संशोधकांनी ईमच्या मृत्यूंचं गणिती विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यांच्या हिशोबाने सुमारे तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली आणि उरलेली उंदरांमार्फत. म्हणजे घराघरात, एकमेकांची शुश्रूषा करताना रोग पसरत होता.

गावकऱ्यांना पिसवांची भूमिका माहीत असणं शक्यच नव्हतं. ती उलगडायला १८९८ साल उजाडलं आणि ते काम झालं आपल्याच मुंबई इलाख्यात : पॉल-लुई सिमों यांनी कराचीत प्रयोग करून उंदराच्या पिसवा प्लेग नेतात हे दाखवलं. त्या दृष्टीने ईममधलं उघड्यावर उपासना भरवणं आणि अंतर राखणं शहाणपणाचं होतं. मृतांना घरच्यांनीच उचलायचं ठरवणं मात्र त्या घरांवर उलटलं असेल.

१३. एमट आणि रोलंडची प्रेमकथा खरी आहे का?

ईमची एमट सिडल आणि स्टोनी मिडलटनचा रोलंड, दोघं सीमेच्या अल्याड-पल्याड उभे राहून एकमेकांना बघत, मग एक दिवस ती आलीच नाही, अशी ही कथा. एमट खरी होती. तिचा मृत्यू एप्रिल १६६६ मधला आहे. म्हणजे जूनमधल्या सीमाबंदीच्या आधीचा. बंदीने ताटातूट केली हे कथेतलं कलम तारखांत बसत नाही. दोघं आपणहून लांब राहिले असतील, तर गोष्ट जुळते.

ईमच्या बऱ्याच हृद्य कथा विल्यम वुड या स्थानिक माणसाने १८४२ च्या आपल्या इतिहासात नोंदवल्या, त्याही गावातल्या तोंडी आठवणींवरून. त्या फेकून देऊ नयेत, पण नोंदवहीशी ताडून वाचाव्यात.

१४. पुढे माँपेसन आणि स्टॅन्लींचं काय झालं?

स्टॅन्लींना गावातून घालवा अशी मागणी काहींनी प्लेगनंतर केली. अर्लने ती धुडकावली असं सांगतात. ते १६७० मध्ये वारले. माँपेसन १६६९ मध्ये नॉटिंगहॅमशायरमधल्या ईक्रिंगला गेले. तिथले लोक इतके घाबरले होते की सुरुवातीला त्यांना गावाबाहेर झोपडीत राहावं लागलं, असं तिथली परंपरा सांगते. १७०९ मध्ये ते वारले.

१५. पुण्याच्या १८९७ च्या प्लेगशी तुलना करता येईल का?

हा प्रश्न फक्त मराठी वाचकच विचारतात आणि तो योग्यही आहे. रोग तोच. पुण्यात मात्र बंदोबस्त वरून आला. रँडच्या समितीने गोरे सोल्जर घराघरात घुसवले, माणसं उचलून छावण्यांत नेली, त्याचा शेवट रँडच्या हत्येत झाला. ईममध्ये एकही शिपाई नव्हता. शुश्रूषेचं म्हणाल, तर कॅथरिन माँपेसनची समाधी पाहताना मला सावित्रीबाई फुले आठवतात. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्या १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

पण तुलना इथेच थांबवावी. लाखाच्या वर वस्तीचं, परक्या राज्यातलं शहर आणि सातशे वस्तीचं पॅरिश यांना एक माप लावून ‘पुणेकरांनीही ऐकायला हवं होतं’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. ईमच्या लोकांना ज्यांनी विनंती केली ते त्यांच्यातच राहत होते.

१६. आवारात स्टंप कोरलेलं थडगं आहे म्हणे?

आहे. डर्बीशायरकडून खेळलेले हॅरी बॅगशॉ (मृत्यू १९२७) यांचं. चेंडूने उडालेले स्टंप आणि वर अंपायरचं उचललेलं बोट. क्रिकेटप्रेमी कुटुंबात मुलं सर्वांत आधी हेच शोधतात.

१७. कधी जावं?

ऑगस्टचा शेवटचा रविवार हा ‘प्लेग संडे’. १८६६ मध्ये, द्विशताब्दीला, तो पाळायला सुरुवात झाली. चर्चपासून ककलेट डेल्फपर्यंत लोक चालत जातात आणि तिथे उपासना होते. त्याच सुमारास विहिरी सजवतात : लाकडी फळ्यांवर ओली माती थापून तीत पाकळ्या, पानं, बिया दाबून चित्रं करतात, ही डर्बीशायरची जुनी रीत. गर्दी नको असेल तर मे महिना उत्तम. चर्च पर्यटनस्थळ असण्याआधी चालतं उपासनास्थळ आहे, तेवढं भान ठेवा. १९९४ मध्ये सुरू झालेलं गावचं संग्रहालय चर्चच्या आधी पाहिलं तर आवारातली नावं ओळखीची वाटतात. प्लेग कॉटेजेसमध्ये, म्हणजे प्लेगचे पहिले बळी राहत त्या घरांत, आजही माणसं राहतात, खिडकीला नाक लावून आत बघू नका.

१८. एकाच मृत्यूचं साल कुठे १६६५ तर कुठे १६६६ का दिसतं?

१७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा बहुतेक भाग जुन्या सालात मोजला जाई. नोंदवहीतला ‘फेब्रुवारी १६६५’ म्हणजे आपल्या हिशोबाने १६६६. शिवाय इंग्लंड ज्युलियन पंचांग पाळत होतं, ते तेव्हा दहा दिवस मागे होतं. शिवकाळातल्या इंग्रज वखारींची पत्रं वाचणाऱ्यांना हा घोळ चांगला ठाऊक आहे. या पानावरच्या तारखा नोंदवहीतल्याप्रमाणे आहेत, फक्त साल १ जानेवारीपासून धरलंय. काळाचा अंदाज यावा म्हणून : ईममध्ये सर्वांत जास्त माणसं मेली त्याच ऑगस्ट १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले.

१९. आमच्या सुनेचे पूर्वज ईमचे होते. नोंदवहीत नाव सापडत नाही, म्हणजे ते तिथले नव्हतेच का?

तसं लगेच समजू नका. ईमच्या नोंदी १६३० पासूनच्या आहेत, त्याआधीचं काही मिळणार नाही. प्लेगची आज उपलब्ध यादी ही मूळ वही नसून १७०५ च्या सुमारास केलेली नक्कल आहे, तीत उतरवताना नाव चुकणं सहज शक्य आहे. स्पेलिंगही ठरलेलं नव्हतं, म्हणून आडनाव ऐकू येतं तशा चार-पाच तऱ्हांनी शोधा. प्युरिटन आणि पुढच्या काळातल्या मेथडिस्ट कुटुंबांचे बाप्तिस्मे बऱ्याचदा पॅरिश चर्चच्या बाहेर झाले, ते त्यांच्या त्यांच्या चॅपलच्या कागदांत असतात. पॅरिशच्या वार्षिक नोंदींची प्रत बिशपकडे जात असे, तेव्हा ईमसाठी लिचफील्डचं दप्तर बघायला विसरू नका (कारण प्रश्न २ मध्ये). पॅरिशच्या वह्यांसाठी मॅटलॉक इथल्या डर्बीशायर रेकॉर्ड ऑफिसकडे चौकशी करावी. १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्यामुळे तिथून सुरुवात करून एकेक पिढी मागे जाणं सोपं पडतं.